आधी घरचा चार्ज

अक्का,

ज्या नियमावरून मी एकदा तुमच्याशी कडाकडा भांडलो होतो, त्याच नियमासाठी या उन्हाळ्यात मी सगळ्यांशी भांडत होतो. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात आणि म्हणाला असतात, "काय मास्तर, आता कळलं?" नियम तुमचाच, एका ओळीचा. ड्यूटी सोडण्याआधी चार्ज द्यायचा. दवाखान्यात पाळी संपली की एक सिस्टर दुसरीला प्रत्येक खाटेपाशी नेते, कुणाचं काय दुखतं, कुणाला काय लागतं ते सांगून पेशंट तिच्या हाती सोपवते आणि मगच घरी जाते. जळगावच्या सरकारी दवाखान्यात तुम्ही जन्मभर असा चार्ज दिलात आणि घेतलात. निवृत्त झाल्यावर धुळ्यात, देवपुरातल्या स्वतःच्या घरी, खेड्यापाड्यातल्या पोरापोरींना म्हातारी माणसं सांभाळायचं काम शिकवून तुम्ही पुण्या-नाशिकला पाठवायला लागलात, तेव्हा तोच नियम तुम्ही त्यांच्या घराघरांत नेलात. जो दुसऱ्याचे आईबाप सांभाळायला गाव सोडणार, त्याने आधी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा चार्ज कुणाला तरी शिकवून द्यायचा, आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर द्यायचा. नाही दिला तर तो जाणार नाही, मग कितीही हुशार असो. आणि या उन्हाळ्यात माझ्यापुढे एक मुलगी उभी होती, इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्यांमधली सगळ्यात चांगली, जिला चार्ज द्यायला घरात माणूसच नव्हतं.

पण आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. तुम्हाला ती माहीत आहे, तरी मला सांगायची आहे. शिरपूरच्या पुढे आमचं गाव, घरात कापसाची शेती, आणि मी बारावीला आपटून घरी बसलेला. आजी ओट्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला लागली. आई दिवसभर शेतात. रिकामा कोण, तर मी. म्हणून आजीचं सगळं माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मला ते जमायचं. तिला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला हवा कशी लागू द्यायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गावातली पोरं मात्र मला 'दाई' म्हणायची आणि वडील त्या शब्दाने आतून जळायचे. उपकेंद्रातल्या नर्सबाईने तुम्हाला माझ्याबद्दल सांगितलं, आणि एका सकाळी तुम्ही पांढरं पातळ नेसून, हातात छत्री घेऊन, एसटीतून उतरून सरळ आमच्या ओट्यावर आलात. माझ्याशी तुम्ही बोललाच नाहीत. आजीच्या खाटेशी बसलात, तिचं लुगडं जरा बाजूला करून पाठ पाहिलीत, बोटांची नखं पाहिलीत, तिला विचारलंत, "माय, तुले काय खावाले आवडस?" मग वडिलांकडे वळून म्हणालात, "तुमचा मुलगा मला पाहिजे. पण तो जाईल तेव्हा हिचा चार्ज कुणाकडे?"

वडील म्हणाले, "घरमा बाई शे ना."

तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही आवाज चढवला नव्हतात, उलट खाली आणला होतात. "बाईकडे बठ्ठ्या घराचा चार्ज आधीच शे, भाऊ. वावर तिच्याकडे, चूल तिच्याकडे, ढोरं तिच्याकडे. ही माय कुणाची?"

"मन्ही."

"मग चार्ज तुम्ही घ्या."

वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बैलाला मुसकं बांधताना कधी न कचरलेला तो माणूस कडीपाटाकडे बघत उभा राहिला. "मी मन्ही मायले आंघोळ घालू? लोके काय म्हनतीन!" तुम्ही म्हणालात, "लोके तिले उचलाले येतस का?" आणि पदर खोचून तुम्ही पाणी तापवायला सांगितलंत. त्या दिवसापासून मी वडिलांचा मास्तर झालो. मी दाखवायचं, त्यांनी करायचं, आणि आजीने पडल्या पडल्या शेरे मारायचे. "हाऊ ते मन्हापेक्षा जास्त घाबरस," असं ती म्हणाली तेव्हा आई चुलीपाशी तोंडावर हात ठेवून हसत होती. तिला नवऱ्याला असं हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही पुन्हा आलात, वडिलांनी आजीला खाटेवरून उचलून खुर्चीत बसवलं ते पाहिलंत आणि म्हणालात, "चार्ज झाला. चल रे." वडिलांनी त्यानंतर आजीचं अखेरपर्यंत केलं. गावात कुणी काही बोललं तर म्हणायचे, "मी शिकेल शे, असातसा नही." माणसाला कुणीतरी शिकवलं, परीक्षा घेतली आणि पास केलं की लाजेचं काम मानाचं होतं, हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलं होतंत कोण जाणे.

तुमचं स्वयंपाकघर हाच आमचा वर्ग. एका भिंतीला दवाखान्यातून मोडीत निघालेली लोखंडी खाट, दुसरीकडे शेगडी, आणि मधे आम्ही. पहिला दिवस कुणालाच आवडायचा नाही. पहिल्या दिवशी शिकायचं काही नाही, फक्त खाटेवर पडून राहायचं. हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, जे करतील ते करू द्यायचं. तुम्ही स्वतः मला भरवायला बसलात. उडदाची डाळ, त्यात कुस्करलेली भाकरी, आणि मी गिळायच्या आत दुसरा घास ओठाशी. मी तोंड फिरवलं तर तुम्ही म्हणालात, "बघा, किती त्रास देतो हा," आणि बाकीच्यांना म्हणालात, "याचं आता जेवण झालं, हा असाच आहे." माझं पोट भरलेलं नव्हतं. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही वाटी खाली ठेवलीत, माझ्या तोंडाला लागलेलं पुसलंत आणि म्हणालात, "हा राग लक्षात ठेव. बाकीचं मी शिकवते." आज तुमच्या या घरात मी वर्ग चालवतो, बटणाने वरखाली होणारे पलंग आले आहेत, कमरेला बांधून उठवायचे पट्टे आहेत, उचलायचं यंत्रसुद्धा आहे. पण पहिला दिवस अजून तोच आहे. नव्या पोरांना घास भरवायला मी बसतो. तुमच्याइतकं निष्ठुर होणं मला जमत नाही, मी मधेच हसतो.

माणसं निवडायला तुम्ही मला सोबत न्यायला लागलात ते मी पुण्याहून परत आल्यावर. मी ज्या आजोबांना सांभाळत होतो ते गेले होते, मला पुन्हा नव्या घरात जावंसं वाटत नव्हतं, आणि तुम्ही न विचारताच ओळखलंत. "शिकवायला थांब," एवढंच म्हणालात. वरणगावची ती मुलगी आठवते? कारखान्यातल्या कामगाराची, बोलायला चुणचुणीत, प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. मी मनात तिला केव्हाच पास केलं होतं. आपण उठत होतो तेवढ्यात कोपऱ्यातल्या गोधडीतून तिच्या आजीने तुम्हाला हाक मारली आणि पाणी मागितलं. तुम्ही पाणी दिलंत, पाठीमागे हात धरून नीट पाजलंत. बाहेर आल्यावर म्हणालात, "नाही." मी चकित. तुम्ही चालता चालता बोलत होतात. "जी म्हातारी पाहुण्याकडे पाणी मागते, तिने घरच्यांकडे मागायचं सोडून दिलेलं असतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मग थोडं पुढे जाऊन थांबलात आणि म्हणालात, "पोर वाईट नाही. तिला म्हणावं, आजीने तुझ्याकडे पाणी मागितलं की मला कळव." ती मुलगी पुढल्या हिवाळ्यात आली. आज नाशिकला एका वृद्धाश्रमाची मुख्य आहे आणि भाषणात अजून आधी तुमचं नाव घेते.

तुमच्या स्वभावाला धार होती आणि ती कुठे लावायची हे तुम्हाला कळायचं. पुण्याला तुम्ही प्रत्येक पोरीला स्वतः पोचवायला जायचात, आणि ज्याने फोन केला त्या मुलाशी किंवा सुनेशी न बोलता आधी आतल्या म्हाताऱ्या माणसाला भेटायचात. एका बंगल्यात बाईंनी आपल्यासोबतच्या पोरीला आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर सावली आली, आणि मग अगदी गोड आवाजात त्या म्हणाल्या की आईंचं अंग पुसणं, बेडपॅन देणं सगळं हिने करावं, फक्त स्वयंपाकघरात येऊ नये, चहासुद्धा आमच्या आम्ही करू. पोरगी खाली बघत होती. मला वाटलं तुम्ही आता फाडून खाणार. तुम्ही फक्त उभ्या राहिलात, पिशवी उचललीत आणि म्हणालात, "हिचा हात तुमच्या आईच्या अंगाला चालतो आणि कपाला चालत नाही, तर तुमचं प्रेम कपावर जास्त दिसतं. जय भीम." पोरगी जिना उतरताना रडायला लागली, हातची नोकरी गेली म्हणून. स्टँडवर तिला मिसळ खाऊ घालताना तुम्ही म्हणालात, "घर मी शोधते, तू पाव खा," आणि शोधलंतही. पण परतीच्या एसटीत तुम्ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतात. मी विचारलं, तर म्हणालात, "मलाही चाळीस घरांत असंच विचारलंय रे. दर वेळी वाटतं, आता सवय झाली असेल." ते वाक्य ऐकल्यावर तुमच्याबद्दल मला जे वाटलं त्याला आदर म्हणणं अपुरं आहे. मला तुमचा अभिमान वाटला, जसा स्वतःच्या घरच्या माणसाचा वाटतो.

आता आपलं भांडण. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला एक मुलगा शिकून तयार होता, नाशिकचं घर वाट बघत होतं, आणि त्याचा मोठा भाऊ आजोबांचा चार्ज घ्यायला तयार नव्हता. तुम्ही मुलाला थांबवलंत. मी भडकलो. "अक्का, घरात खायचे वांधे आहेत आणि तुम्ही नियम दाखवता! जाऊ द्या त्याला, पैसे पाठवील तो." तुम्ही तांदूळ निवडत होतात, मान वर न करता विचारलंत, "पैशाने कूस बदलता येते का?" मी म्हणालो, मग काय त्याने जन्मभर तिथंच कुजायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घरात नव्हतात. त्या गावाला गेला होतात. पुन्हा गेलात, पुन्हा गेलात, त्या भावाच्या ओट्यावर बसून राहिलात, त्याची बोलणी खाल्लीत, त्याच्यासोबत वावरात गेलात, आणि एके दिवशी त्याने कंटाळून म्हणा की शरमून म्हणा, आजोबांच्या पाठीखाली हात घातला. मुलगा नाशिकला गेला. मी तुमचं हे जाणं-येणं म्हातारपणाचा हट्ट समजत होतो. नियम त्या पोरासाठी नव्हताच, नियम तुम्ही स्वतःवर लावून घेतला होता, हे समजायला मला ही उन्हाळ्यातली मुलगी यावी लागली.

ती पिंपळनेरच्या पलीकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. आईबाप लहानपणीच गेले, आईच्या वडिलांनी वाढवली. त्यांना ती आबा म्हणते. आबांना लकव्याने एक बाजू गेलेली, आणि तरी त्यांच्या अंगावर कुठे ओरखडासुद्धा नाही, इतकी तिची निगा. आता आपली पोरं पुण्या-नाशिकलाच थांबत नाहीत, अक्का. जपानात म्हातारी माणसं फार आणि हात कमी, तिथले लोक इथवर माणसं शोधत येतात. भाषा शिकवायला आमच्याकडे एक बाई येतात. ही मुलगी त्या भाषेत असं पटापट बोलायला लागली की बाईच थक्क. मी विचारलं तर म्हणाली, "सर, सोपी आहे. क्रियापद शेवटीच येतं, आपल्यासारखं." तिकडच्या मंडळींनी मुलाखत घेतली आणि पहिल्या झटक्यात तिची निवड केली. तिच्या पाड्यातून आजवर कुणी साक्रीच्या पुढे नोकरीला गेलेलं नाही. ती गेली तर तिच्या मागून कितीजणी जातील, हे मला दिसत होतं. आणि त्याच वेळी तो पाडा, ते घर, आणि त्या घरात एकटे आबा हेही दिसत होतं.

पोरं तिकडे पोचवणाऱ्या एजन्सीचा माणूस माझ्याकडे आला. गुळगुळीत बोलणारा, मनाने वाईट नव्हे. म्हणाला, "सर, तुमचा नियम भावनिक आहे. कँडिडेट सज्ञान आहे, तिची मर्जी आहे. आजोबांना शेजारी कुणी जेवण देईलच." मी म्हणालो, जेवण देतील, पण तोंड कोण धुईल? तो म्हणाला, "असं धरलं तर जगात कुणी कुठे जाणारच नाही." हे तर मीच तुम्हाला म्हणालो होतो, जवळपास याच शब्दांत. मला त्याचा राग आला आणि त्या रागात थोडा माझाही वाटा होता. त्याला म्हणालो, परक्या देशातल्या म्हाताऱ्यांना आपण अंघोळ घालायची आणि आपला म्हातारा अंथरुणात पडून राहील, हा दिव्याखालचा अंधार मला चालणार नाही. तो गेला. मुलगी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. ती रडली नाही, तिने वादही घातला नाही. म्हणाली, "सर, मग नाव काढा. मी आबांना सोडून जाणार नाही. नियम नसता तरी गेले नसते." आणि जाऊन दुसऱ्या मुलीला उच्चार शिकवत बसली. अक्का, तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मी पाड्यावर गेलो. शेजारची माणसं चांगली, भाकर-कालवण द्यायला सगळी तयार, पण अंगाला हात लावायचं म्हटलं की जो तो दुसऱ्याकडे बघतो. तुम्ही केलंत तसं बसून राहिलो, पुन्हा पुन्हा गेलो. एका चुलत मामाला मी जवळजवळ वळवला होता, तर तो दर हंगामात गाव सोडून ऊसतोडीला जातो हे कळलं. आबा सगळं बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "तिले जाऊ द्या. मी काय, आज शे, सकाय नही." मी म्हणालो, आबा, असं नाही चालत. त्यावर ते चिडले. अर्ध्या तोंडाने बोलतात, पण चिडले की शब्द स्पष्ट होतात. "मन्हा करता ती आठे मरी का? मी तिले वाढायेल शे ते काय बांधी ठेवाकरता?" मुलगी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिची पाठ हलत होती.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की आबांना धुळ्याला आणतो, चार्ज मी घेतो, नियमच आहे तसा, अक्का असत्या तर त्यांनी हेच केलं असतं. ती अंगणवाडी चालवते, खोटं बोलणारी पोरं तिला दुरून ओळखू येतात. भाकरी थापता थापता म्हणाली, "आणा. पण दर वेळी अक्कांना पुढे करू नका. तुम्हाला पाहिजे तर पाहिजे म्हणा." आबांना विचारायला गेलो तर त्यांची वेगळीच अडचण. "मन्ही बकरी कोन पाही?" मी म्हणालो, बकरी विकू. त्यांनी मान फिरवली. शेवटी तह झाला, "बकरी येत व्हई, ते मी बी येसू." टेम्पोतून आबा, त्यांची गोधडी आणि बकरी असा लवाजमा देवपुरात उतरला तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!" आबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

आणि मग चार्ज. तुमच्याच स्वयंपाकघरात, सगळ्या बॅचसमोर. मी इतकी वर्षं शिकवतो, पण शिकवतोच. खऱ्या माणसाला खांद्यावर घेऊन बराच काळ लोटला होता, माझ्या पोटाचा घेरही त्याला साक्षी आहे. मी आबांच्या काखेत हात घातला तोच मुलगी म्हणाली, "सर, परत." मी म्हणालो, का? "न सांगता हात लावलात. आधी त्यांना सांगा काय करणार आहात." पोरं खाली माना घालून हसत होती. मी सांगून उचललं. "परत. त्यांची धड बाजू कुठली ते बघितलं नाहीत." मला घाम फुटला, अक्का. माझे वडील कडीपाटाकडे का बघत होते ते मला त्या क्षणी कळलं. तिने मला कुठेही सूट दिली नाही. आबांना कोमट पाणी लागतं, डाव्या गालात घास साठतो, खोकला आला तर थांबायचं, पाठ चोळताना ते डोळे मिटतात म्हणजे झोपले असं समजायचं नाही, हे सगळं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. मग तिने आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. ती म्हणाली, "चार्ज झाला, सर," आणि तेव्हा कुठे तिचा बांध फुटला.

ती गेली. तिकडे आता कडाक्याचा हिवाळा आहे म्हणते. फोनवर आबांना बर्फ दाखवते आणि आबा तिला बकरी दाखवतात. ज्या आजीबाईंना ती सांभाळते त्यांनाही एकदा फोनपुढे आणलं होतं. दोघं म्हातारी एकमेकांकडे बघून किती वेळ मान हलवत होती, एकही शब्द न समजता. आबा आता नव्या पोरांच्या सरावाला स्वतःहून खाटेवर झोपतात. मी नको म्हणत होतो, तर म्हणाले, "रिकामा बठी काय करू?" कुणाचा हात गार असला की ओरडतात, कुणी घाईने वळवलं की विचारतात, "माले पोतं समजस का?" मला कळत नाही तुम्ही याला नियम पाळणं म्हटलं असतंत की मोडणं. घरातल्या माणसाने चार्ज घ्यायचा असतो, आणि मी त्या घरातला नाही. या शंकेने मी हे लिहायला बसलो होतो.

पण आता इथवर लिहिल्यावर दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतं. हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमच्यापर्यंत ते जायचे नाहीत, आणि बायकोला दाखवायची गरज नाही, कारण तिला ते आधीच माहीत आहे. आबांना आणायचं मी ठरवलं ते तुमच्या नियमाखातर नाही, त्या मुलीखातरही पूर्ण नाही. शेजाऱ्यांना विनवत फिरलो तेही स्वतःशी हे कबूल करायला लाजत होतो म्हणून. मी पहिल्यांदा त्या पाड्यावर गेलो तेव्हा दारात वाकून आत शिरलो, डोक्यावर हे पांढरे केस, हातात फाईल. आबांनी धड असलेल्या हाताने गोधडीवरची जागा झटकली आणि म्हणाले, "ये रे पोऱ्या, बठ." आजी गेली, वडील गेले, आई गेली, तुम्ही गेलात. मला पोऱ्या म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, अक्का. मी बसलो, आणि तिथंच ठरवलं.